प्रायव्हेट कॉलेजातून बीसीए करू का, असं विचारलंस त्याचं सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बारावी सायन्स, ६१ टक्के, मराठी मिडीयम, मॅथ्स कच्चं, गाव एरंडोल तालुक्यात, घरी कापूस आणि मका, आणि एका प्रायव्हेट कॉलेजचे सर घरी येऊन सांगून गेलेत की बीसीएला (कॉम्प्युटरची तीन वर्षांची पदवी) डायरेक्ट ॲडमिशन देतो, आत्ता पाच हजार भरून सीट धरून ठेवा. काका म्हणतात बीसीएला काही किंमत नाही, आप्पा म्हणतात तू ठरव. तुला दोन गोष्टी हव्यात, तिथं तीन वर्षं नेमकं काय होतं आणि त्यातून नोकरी लागते का.

मी अमळनेर तालुक्यातली. २००९ ते २०१२ बीसीए केलं, जळगाव जिल्ह्यातल्याच एका प्रायव्हेट कॉलेजातून. मग एमसीए, म्हणजे बीसीएनंतरची पदव्युत्तर पदवी, ते तेव्हा तीन वर्षांचं होतं, आणि २०१५ पासून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेली काही वर्षं फ्रेशर मुलामुलींचे इंटरव्ह्यू मीच घेते, धुळे-जळगाव-नंदुरबारचा बायोडाटा हातात आला की मी जरा जास्त वेळ देते आणि बऱ्याचदा वाईट वाटून उठते, कारण पोरं हुशार असतात आणि तीन वर्षं कुठं गेली ते त्यांना सांगता येत नाही. म्हणून लांब लिहितेय. सावकाश वाच, आप्पांनाही वाचून दाखव.

सगळ्यात आधी, ते पाच हजार भरू नका. आमच्या वेळी बीसीएला कुणीही कुठंही डायरेक्ट ॲडमिशन घ्यायचं, आता तसं राहिलेलं नाही. २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए हे कोर्स एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेच्या अखत्यारीत आले आणि महाराष्ट्रात त्यांची सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा सुरू झाली, ती राज्य सीईटी सेल घेतं. १०० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि त्यात इंग्रजी आणि रीझनिंगचा वाटा मोठा आहे, तू घाबरतेस ते बारावीचं मॅथ्स त्यात नाही. तू सीईटी दिली की नाही ते लिहिलं नाहीस. दिली असेल तर कॅप राऊंडमधूनच, म्हणजे सीईटीच्या मार्कांवर शासन जागा वाटतं त्या फेऱ्यांमधूनच जा, दिली नसेल तर सीईटी सेलच्या वेबसाईटवर रोज लक्ष ठेव, २०२४ ला जागा रिकाम्या राहिल्या म्हणून दुसऱ्यांदा सीईटी घेतली होती.

कॅपचा एवढा आग्रह का, ते आप्पांना नीट समजावून सांग कारण यात खरे पैसे आहेत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. पण त्यात अट आहे की ॲडमिशन शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून म्हणजे कॅपमधून झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा कॉलेज पातळीवर थेट घेतलेल्या ॲडमिशनला ही सवलत नाही. म्हणजे तेच कॉलेज, तोच वर्ग, तोच बाक, आणि फक्त तू दारातून कशी आत गेलीस यावर फी भरायची की नाही ते ठरतं. घरी येऊन सीट बुक करणारे सर हे सांगत नाहीत. एससी, एसटी, व्हीजेएनटीसाठी वेगळ्या योजना आहेत, सगळे अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरच होतात. आणि माफी ट्यूशन आणि परीक्षा फीची आहे, कॉलेज डेव्हलपमेंट फी, लॅब, ड्रेस, बस असं काय काय लावतं ते आधी लेखी माग. अजून एक, मूळ मार्कशीट आणि एलसी तपासून परत द्यायचे असतात, कागद स्वतःकडे अडकवून ठेवायचे नाहीत असा यूजीसीचा नियम आहे. आमच्या वर्गातली एक मुलगी फक्त दहावी-बारावीची मार्कशीट कॉलेजकडे अडकली म्हणून दुसरीकडे मिळालेली जागा सोडून बसली होती, ते मला अजून आठवतं.

आता तीन वर्षं नेमकं काय होतं ते.

पहिल्या वर्षी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतात, कॉम्प्युटर फंडामेंटल्स, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, थोडं स्टॅटिस्टिक्स आणि मॅथ्स (ते बारावीसारखं नाही, सेट, लॉजिक, मॅट्रिक्स एवढंच, नीट बसलीस तर जमतं), कम्युनिकेशन स्किल. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर, डीबीएमएस (म्हणजे डेटाबेस), ऑपरेटिंग सिस्टीम, सी प्लस प्लस किंवा जावा. तिसऱ्याला वेब, पायथन, नेटवर्किंग, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आणि प्रोजेक्ट. विषयांची यादी वाईट नाहीये, पुण्या-मुंबईच्या कॉलेजातही साधारण हेच असतं. फरक लॅबमध्ये पडतो.

आमच्या लॅबमध्ये ३० कॉम्प्युटर होते, चालू १९. बॅच ४० जणांची. म्हणजे एका कॉम्प्युटरवर दोघं-तिघं, आणि कीबोर्डवर कोण बसायचं तर ज्याच्या घरी आधीपासून कॉम्प्युटर आहे तो. आम्ही खेड्यावरून एसटीचा पास काढून येणाऱ्या मुली बाजूला बसून स्क्रीनवरचं वहीत उतरवून घ्यायचो. सहा महिने मी सी लँग्वेज अशी वहीत उतरवून शिकले, एक अक्षर टाईप न करता. मध्येच लाईट जायची, तेव्हा लोडशेडिंग फार होतं, बॅटरी बॅकअप दहा मिनिटांचा. दुसऱ्या सेमिस्टरला मी एक केलं, सकाळची पहिली गाडी पकडून लेक्चरच्या तासभर आधी पोचायचं, लॅबचे शिपाई काका झाडायला दार उघडायचे, त्यांना विचारून बसायचं. त्या रोजच्या एका तासाने मला जे शिकवलं ते वर्गातल्या कुठल्याच लेक्चरने नाही शिकवलं. तुझ्याकडे लॅपटॉप होईल न होईल, ऑफिसमधून निघालेला जुना, ८ जीबी रॅम आणि एसएसडीवाला मिळाला तरी तीन वर्षं पुरतो, पण तो येईपर्यंत लॅबच्या चावीवाल्या माणसाशी ओळख करून घे.

आणि जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही. प्रायव्हेट कॉलेजात जर्नलचं फार स्तोम माजलेलं असतं. प्रोग्राम चालला की नाही ते कुणी बघत नाही, जर्नल पूर्ण आहे का, इंडेक्सवर सही आहे का ते बघतात. सिनियरची जर्नल घेऊन रात्रभर उतरवायची आणि सबमिशन. इंटर्नल मार्क त्याच्यावर असतात म्हणून ते करावंच लागेल, मी करू नको म्हणणार नाही. फक्त एवढं कर, जर्नलमधला प्रत्येक प्रोग्राम आधी स्वतः टाईप करून चालव, त्यात एक गोष्ट बदल आणि काय बिघडतं बघ, मग उतरव.

माझी एक गोष्ट सांगते. पहिल्या वर्षी मी हौसेने घरच्या कापसाचा हिशोब करायचा प्रोग्राम लिहिला. टर्बो सी मध्ये, निळी स्क्रीन असते बघ ती. १२ क्विंटल, भाव ३०००, गुणाकार. ३६००० यायला पाहिजे होते, स्क्रीनवर आलं उणे २९५३६. मी तीन वेळा तपासलं. मॅडमला विचारलं तर म्हणाल्या इंटच्या जागी लाँग घे (पूर्ण संख्या साठवायचे हे दोन प्रकार, लाँगमध्ये मोठी मावते). घेतलं, बरोबर आलं, मी गप्प बसले. का आलं ते कुणी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. टर्बो सी हे १९९० च्या सुमाराचं, १६ बिटच्या डॉसवरचं सॉफ्टवेअर, त्यात इंट दोन बाइटचा, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ एवढाच आकडा मावतो, त्याच्या पुढे गेलं की ६५५३६ ने मागे येऊन पडतं, ३६००० मधून ६५५३६ वजा केले की उणे २९५३६. आज सी चालवायला जीसीसी नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, त्यात इंट चार बाइटचा असतो, तिथं हेच बरोबर येतं. एवढं साधं आहे, पण हे मला कळलं दोन वर्षांनी, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मेमरी म्हणजे काय, डेटा टाइप कशाला असतात, सगळं एकदम उलगडलं. घरचा कापूस त्या आकड्यात होता म्हणून ते डोक्यात बसलं, पुस्तकातला ए आणि बी असता तर मी तो विसरून गेले असते.

गेल्या वर्षी नात्यातल्या एका मुलीची जर्नल पाहिली, अजून व्हॉइड मेन आणि क्लिअर स्क्रीन आणि गेटसीएच हे टर्बो सीच्या काळातलंच लिहिलेलं. कॉलेज ते शिकवत असेल तर परीक्षेत तसं लिही, पण घरी पहिल्या दिवसापासून जीसीसीवर इंट मेन लिहायची सवय ठेव, कोनिओ नावाची हेडर फाईल लिनक्सवरच्या जीसीसीत नसतेच. इंटरव्ह्यूला व्हॉइड मेन लिहिलेलं दिसलं की समोरच्याला कळतं की या मुलीने कॉलेजबाहेर एकही प्रोग्राम चालवलेला नाही.

आता प्रोजेक्ट, आणि हे मी मन मोकळं करून लिहितेय. बीसीएच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघींनी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम विकत घेतली. जळगावात झेरॉक्सच्या दुकानात रेडीमेड मिळायचे, सीडी, काळ्या बाइंडिंगचा रिपोर्ट, सगळं. अडीच हजार रुपये, चौघीत वाटून. व्हिज्युअल बेसिक आणि ॲक्सेसमध्ये होतं. एक्सटर्नल परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले, फॉर्म उघडून दाखव म्हणाले, मार्क चांगले पडले, आम्ही पार्टीही केली. आणि जुलै २०१२ ला पुण्यात पहिला इंटरव्ह्यू. समोरच्या सरांनी विचारलं, एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर तुमच्या टेबलमध्ये, म्हणजे माहितीच्या तक्त्यात, त्या कशा ठेवल्यात. मला माहीतच नव्हतं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, पाणी दिलं आणि म्हणाले बेटा, अजून एक वर्ष शिका. परतीच्या गाडीत जळगावपर्यंत रडत आले. राग त्या सरांचा नव्हता, दुकानदाराचाही नव्हता. तीन वर्षांत मी एकही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः केलेली नव्हती, याचं फार वाईट वाटलं.

मग एमसीएला ठरवलं की प्रोजेक्ट विकत घ्यायचा नाही. माझ्या मामांचं पारोळ्याला कृषी केंद्र आहे, बी-बियाणं, खतं, औषधं. त्यांच्याकडे चारशेच्या आसपास खाती, जूनमध्ये शेतकरी बियाणं आणि खत उधार नेतो आणि कापूस घरात आला की दिवाळीपासून पुढं भरत जातो. सगळं वहीत. मी म्हटलं मामा, मी हे कॉम्प्युटरवर करून देते. ते हो म्हणाले. मला वाटलं महिन्याभरात होईल. आठ महिने लागले, आणि मी जे काही शिकले ते त्या आठ महिन्यांत शिकले, म्हणून इथं थोडं थांबते.

पहिली चूक, शेतकऱ्याच्या टेबलला मी मोबाईल नंबर प्रायमरी की केला, म्हणजे प्रत्येकाची एकमेव ओळख. मामा म्हणाले, एका घरात बाप आणि दोन भाऊ, तिघांचं खातं वेगळं आणि फोन एकच, काय करशील. नाव घ्यावं तर एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील, वडलांचं नावही दोघांचं सारखं. मामा त्यांना कसे ओळखायचे तर विहिरीवाला, रेशनवाला, मास्तरचा. शेवटी खाते क्रमांक वेगळा दिला आणि ओळख म्हणून एक वेगळा कॉलम ठेवला, त्यात हे विहिरीवाला-मास्तरचा असं लिहायचं. सरोगेट की (आपण दिलेला क्रमांक) आणि नॅचरल की (नाव, फोन अशी मुळातली ओळख) यातला फरक पुस्तकात मी चार वेळा वाचला होता, समजला तो मामांच्या काउंटरवर.

दुसरी चूक, स्टॉक. मी प्रत्येक औषधासमोर एक संख्या ठेवली, ४० बाटल्या. मामांनी रॅकवरच्या दोन बाटल्या हातात दिल्या, औषध तेच, बॅच नंबर वेगळे, एक्सपायरी वेगळी. मुदत संपलेलं औषध विकता येत नाही, वेगळं काढून ठेवावं लागतं, आणि जिची मुदत आधी संपते ती बाटली आधी विकायची असते. एका आकड्यात हे कसं कळणार? मग औषधाचं टेबल वेगळं, बॅचचं वेगळं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं की पुण्याच्या त्या सरांनी पुस्तकाच्या पाच प्रती विचारल्या होत्या तो प्रश्न हाच होता.

तिसरं, पाऊस लांबला की शेतकरी न फोडलेली पाकिटं परत आणतो. मी बिल डिलीट करायचं बटन दिलं. मामा जवळजवळ ओरडलेच. वहीत ते कधी खोडरबर वापरत नाहीत, एक आडवी रेघ मारतात आणि खाली परत आलेल्याची वेगळी ओळ लिहितात, म्हणजे नंतर भांडण झालं तर दोन्ही दिसतं. आज मी पैशांच्या सिस्टीमवर काम करते, तिथंही हाच नियम आहे, नोंद पुसायची नाही, उलटी नोंद करायची.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे जुलैमधली एक दुपार. बिल करताना दोन गोष्टी होतात, स्टॉक कमी होतो आणि शेतकऱ्याच्या खात्यावर उधारी चढते. पहिली झाली आणि लाईट गेली. दुसरी झालीच नाही. दोन गोणी खत गेलं आणि कुणाच्या नावावर चढलंच नाही, रात्री वहीशी ताळा जुळवताना मामांना सापडलं. ट्रान्झॅक्शन, कमिट, रोलबॅक, म्हणजे दोन्ही नोंदी एकत्र पक्क्या करायच्या नाहीतर दोन्ही मागे घ्यायच्या, हे मी परीक्षेत लिहून दहापैकी नऊ मार्क घेतले होते, तरी कोडमध्ये वापरलं नव्हतं. मग वापरलं, तरी रोलबॅक होईना, दोन दिवस डोकं फोडलं, शेवटी कळलं की कुठल्या तरी जुन्या नोट्समधून उचललेल्या कोडमुळे मायएसक्यूएल या डेटाबेसमधली माझी टेबलं मायआयसॅम नावाच्या प्रकारची होती, त्यात ट्रान्झॅक्शन चालतच नाही आणि मायएसक्यूएल एरर पण देत नाही, गुपचूप पुढं जातं. ती इनोडीबी या दुसऱ्या प्रकारची केली आणि चाललं. २०१५ च्या इंटरव्ह्यूत मला ४० मिनिटं फक्त या दोन गोणींबद्दल विचारलं. त्याच नोकरीवर मी लागले.

म्हणून तुला माझं सांगणं एकच आहे. कॉलेज तुला पदवी देईल, विषयांची नावं देईल, परीक्षेची शिस्त देईल. हे सगळं कशासाठी आहे ते मात्र तुला कुणाच्या तरी खऱ्या कामात हात घातल्याशिवाय कळणार नाही, आणि आपल्याकडं अशी कामं पुण्यातल्या पोरांपेक्षा जास्त जवळ आहेत. जिनिंग आहे, डाळ मिल आहे, सोन्याची दुकानं आहेत, रावेर-यावलकडं केळीच्या गाड्या रोज भरतात, दूध डेअरी आहे, गावातली पिठाची गिरणी सुद्धा चालेल. हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम करू नकोस, तू हॉस्पिटल आतून पाहिलेलं नाहीस. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सुरू कर, तिसऱ्या वर्षी वेळ पुरत नाही.

मी इंटरव्ह्यूत काय विचारते ते पण सांगून ठेवते. प्रोजेक्टमधलं कोणतं टेबल तू नंतर बदललंस आणि का बदललंस. दहापैकी सात जण इथंच थांबतात, कारण विकतचा प्रोजेक्ट कधी बदलावा लागत नाही. मग एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, दिवाळीनंतर ज्यांनी एक रुपयाही भरला नाही अशा खातेदारांची नावं काढ. खाती आणि पेमेंट या दोन टेबलांचा साधा जॉइन (जोड) केला तर ज्यांनी भरले तेच येतात, म्हणून लेफ्ट जॉइन करून (त्यात सगळे खातेदार राहतात) जिथं पेमेंट नल म्हणजे रिकामं आहे ते घ्यायचे, आणि दिवाळीनंतरची तारखेची अट क्वेरीच्या वेअर भागात टाकली तर परत गडबड होते, ती ऑन भागात टाकायची. हे स्वतः करून बघ, का गडबड होते ते कागदावर चार ओळींचं टेबल काढून शोध. पैसे फ्लोटमध्ये (अंदाजे) ठेवलेस का डेसिमलमध्ये (अचूक), पासवर्ड तसाच साध्या अक्षरात ठेवलास का, कोड गिटवर (बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे का. एवढंच असतं. अवघड नाहीये, फक्त केलेलं असावं लागतं.

इंग्रजीचं तुला जास्त टेन्शन आहे ते दिसतंय. माझंही तेच होतं, घरी अहिराणी, कॉलेजात मराठी, पुस्तक आणि पेपर इंग्रजी. मैत्रिणींशी बोलताना तोंडात शे (म्हणजे आहे) आणि नही, आणि व्हायव्हाला एकदम व्हॉट इज पॉलिमॉर्फिझम. माझ्यापुरतं उपयोगी पडलं ते असं, आधी मराठीत स्वतःला समजावायचं, अगदी मामांच्या भाषेत, मग तेच चार-पाच ओळींत इंग्रजीत लिहायचं आणि मोठ्यानं वाचायचं. रोज एक प्रॅक्टिकल, रोज पाच ओळी. एरर मेसेज आला की पळायचं नाही, पूर्ण वाचायचा, त्यात ओळीचा नंबर असतो. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, फुकट, त्यातले बरेच मराठी आवाजात मिळतात, लिनक्स, सी, पायथनचे ते मायएसक्यूएलकडं जाण्याआधी बघ. नंतर स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स, शिकायला फुकट आहेत, परीक्षा द्यायची तरच फी. इंटरव्ह्यूत मी स्वतः मुलांना सांगते मराठीत सांगितलं तरी चालेल, सगळेच तसं सांगत नाहीत, पण ज्याला गोष्ट माहीत आहे त्याचं तुटकं इंग्रजी समोरचा ऐकून घेतो.

चॅटजीपीटी वगैरेबद्दल तू विचारलं नाहीस पण सांगते. आमच्या वेळी झेरॉक्सचं दुकान होतं, आता हे आहे, आणि हे कितीतरी चांगलं आहे कारण ते समजावून पण सांगतं. आधी अर्धा तास स्वतः अडक, मग विचार, आणि जे उत्तर येईल ते कॉपी न करता स्वतः टाईप कर. पहिलं वर्ष तरी कोड त्याच्याकडून लिहून घेऊ नकोस, चूक का झाली एवढंच विचार.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा ऑफिसमध्ये बसू नकोस, लॅबमध्ये जा. चालू कॉम्प्युटर मोज. तिथं बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार की आठवड्यात प्रॅक्टिकल खरंच किती होतात, सर कायमचे आहेत का दर सहा महिन्याला बदलतात (हे फार महत्त्वाचं, आमच्याकडं डेटा स्ट्रक्चरला एका सेमिस्टरमध्ये तीन सर बदलले आणि ट्री हा भाग कुणीच शिकवला नाही). लॅब लेक्चर नसताना उघडी असते का. बॅनरवर १०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स लिहिलेलं असतं, असिस्टन्स म्हणजे मदत, नोकरी नाही. मागच्या दोन बॅचच्या तीन मुलींचे नंबर माग, कॉलेजने दिले नाहीत तर गावात विचार, आपल्याकडं सगळे सगळ्यांना ओळखतात. आणि कॉलेज कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला संलग्न आहे का आणि एआयसीटीईच्या मान्यतेत बीसीए आहे का हे दोन्ही वेबसाईटवर स्वतः बघ. काही कॉलेजांनी सीईटी टाळायला कोर्सचं नावच बदललं, त्यामुळे पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा पदवीवर काय छापून येणार ते विचार.

काकांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. नुसत्या बीसीएवर चांगली नोकरी लागणं अवघड आहे हे खरंय. पण मोठ्या आयटी कंपन्या बीसीए, बीएस्सीच्या मुलांना घेतात, टीसीएस घेते, विप्रोचा एक प्रोग्राम आहे त्यात नोकरी करता करता पुढचं शिक्षण होतं. अटी दरवर्षी बघाव्या लागतात, पण बॅकलॉग म्हणजे राहिलेला विषय शिल्लक नसणं ही अट जवळपास सगळीकडं असते, म्हणून एटीकेटी साठू देऊ नकोस. एमसीए आता दोन वर्षांचं आहे, त्याची पण सीईटी असते, आणि बीसीए झालेल्याला तिथं सरळ जाता येतं. आपल्या विद्यापीठातच संगणकशास्त्र प्रशाळा आहे, बांभोरीजवळ, एकदा जाऊन ये. जमलं तर एमसीए करच असं मी म्हणेन, पण तिसऱ्या वर्षी तुझ्या हातात काम असेल तर आधी नोकरी धरून नंतर केलंस तरी चालेल.

पुण्याला येशील तेव्हा एका गोष्टीपासून लांब राहा, हे मी हात जोडून सांगते. क्लासवाले जॉब गॅरंटी म्हणून मोठी फी घेतात आणि शेवटी दोन-तीन वर्षांचं खोटं एक्स्पीरियन्स लेटर देतात. आपल्याकडची कितीतरी पोरं यात अडकली, घरून कापूस विकून पैसे आलेले असतात म्हणून त्यांना परत जायचं तोंड राहत नाही. कंपन्या पीएफची नोंद तपासतात, जिथं काम केलं म्हणतोस तिथं पीएफ जमा नाही की दोन मिनिटांत कळतं, आणि मग लागलेली नोकरी जाते, पुढच्या ठिकाणीही तो डाग राहतो. माझ्या ओळखीतला एक मुलगा असा गेला, त्याला काम येत होतं, खोटं बोलायची गरजच नव्हती.

आप्पांना मुलगी लांब पाठवायची काळजी असणार. माझ्या वडलांनाही होती, ते पहिल्यांदा माझ्यासोबत पुण्याला आले, चौघी मुलींची खोली पाहिली, मालकीणबाईंशी तासभर बोलले आणि परत जाताना बसस्टँडवर म्हणाले बरं शे. मला तेवढं पुरलं. तुझ्या आप्पांना माझ्याशी बोलायचं असेल तर जरूर बोलू दे.

बाकी, आप्पांचा कापूस ज्या जिनिंगला जातो तिथली काटापट्टी (वजनाची पावती) या सुट्टीत एकदा समोर घेऊन बस. त्यावर किती आकडे आहेत, कुठला आकडा मोजलेला आहे आणि कुठला दुसऱ्यातून काढलेला आहे, गाडीचं वजन, कापसाचं वजन, कपात, भाव, हमाली, सगळं वहीत दोन रकान्यांत लिहून काढ आणि मला पाठव, तुझं पहिलं टेबल आपण त्यातूनच करू. आणि उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर याच आठवड्यात सेतूत टाकायला सांग, जूनमध्ये तिथं फार गर्दी होते.